मागे लागलेला मासा: पाठलागाचा अर्थ कसा लावायचा?



गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातलं अनुमान बघितलं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर म्हणतो, आणि त्यात घसरायला कुठे होतं, एवढा आपला विषय होता. व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यातला एक प्रश्न वाचून काही जण हसले. प्रश्न असा: "आमच्या घरी फिशटँकमध्ये दोन गोल्डफिश आहेत. चार दिवसांपासून एक दुसऱ्याच्या सारखा मागे लागलाय. मुलं म्हणतात तो दादागिरी करतोय. त्याला वेगळ्या बरणीत काढून ठेवू का?"

आजचं सगळं व्याख्यान मी या एका प्रश्नाला देणार आहे. गेल्या वेळचा विषय नीट कळला का, हे तपासायला याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. शिवाय पुस्तकातलं अनुमान चुकलं तर फार तर मार्क जातात. इथे ते चुकलं तर दोन-तीन दिवसांत एक मासा पोट वर करून तरंगताना दिसतो.

पहिली गोष्ट. या घरातल्या मुलांनी नक्की काय पाहिलं? एक मासा पुढे पोहतोय, दुसरा मागे. मागचा वेग वाढवतो, पुढचा वळतो, मागचाही वळतो. डोळ्यांना दिसलं ते एवढंच. "दादागिरी" डोळ्यांना दिसलेली नाही. ते अनुमान आहे. हेतू कोणता, तर पाठलाग. साध्य कोणतं, तर भांडण. आणि यामागे गृहीत धरलेली व्याप्ती अशी: जिथे जिथे पाठलाग, तिथे तिथे भांडण.

आता ही व्याप्ती टिकते का बघा. आपल्या अंगणात पोरं पकडापकडी खेळतात तेव्हा पाठलाग असतो, भांडण नसतं. वासरू गाईच्या मागे धावतं, भांडण नसतं. म्हणजे हेतू साध्य असलेल्या ठिकाणीही सापडतो आणि साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडतो. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. त्यांचं आवडतं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. धुरावरून अग्नी सांगता येतो, पण अग्नीवरून धूर सांगता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. मग अग्नीपासून धूर केव्हा निघतो? इंधन ओलं असेल तेव्हा. या ओल्या लाकडाला ते उपाधी म्हणतात. म्हणजे अशी जादा अट, की जी लक्षात घेतली नाही तर अनुमान फसतं.

तेव्हा आपला प्रश्न आता बदलला. "मोठा मासा वाईट आहे का?" हा प्रश्न बाजूला ठेवा. या पाठलागामागचं ओलं लाकूड कोणतं, ते शोधायचं आहे.

त्यासाठी हा मासा कोण आहे ते आधी माहीत हवं. दुकानात फायटर मिळतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. दोन नर फायटर एका भांड्यात ठेवले तर ते खरोखर एकमेकांना फाडतात, म्हणून दुकानदार त्यांना वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतो. युरोपातल्या स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाचं पोट विणीच्या काळात लाल होतं, आणि असा नर आपल्या हद्दीत शिरणाऱ्या दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर धावून जातो. निको टिनबर्गन यांनी त्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. त्यांचे सहकारी कोन्राड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवर 1963 साली जे पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातही प्रवाळातल्या भांडकुदळ माशांपासून आहे. आणि आपल्या अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यात जिताडा वाढवणाऱ्याला विचारा. जिताड्याचं पिल्लू आपल्याहून थोड्या लहान भावंडाला सरळ गिळतं. म्हणून पिल्लं आकारानुसार निवडून वेगळी करावी लागतात. तिथे पाठलागाचा अर्थ खाणं.

गोल्डफिश यांतला कोणीच नाही. तो कार्पच्या कुळातला, म्हणजे रोहू-कटल्याचा भाऊबंद. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वीपासून माणसाने त्याला निवडून निवडून वाढवला. तो घोळक्यात राहणारा मासा आहे, हद्द आखून तिचं रक्षण करणारा नाही. त्याचे दात घशात असतात, जबड्यात नसतात. दुसऱ्याला फाडून काढणं हा त्याचा धंदाच नव्हे. म्हणून गोल्डफिश पाठलाग करतो तेव्हा फायटरचं किंवा जिताड्याचं चित्र त्याच्यावर चिकटवू नका. त्याची स्वतःची कारणं बघा. ती मुख्यतः चार आहेत.

पहिलं कारण सांगताना मी तुम्हाला टँकमधून बाहेर काढून पावसात नेतो. आपल्या रायगडात वलगण कोणाला माहीत नाही? मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडल्या, ओढे वाहायला लागले, की नदीतले, तळ्यातले मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. शेतात, वहाळात, गुडघाभर पाण्यात शिरतात. लोक रात्री बत्ती घेऊन, जाळी घेऊन निघतात. सापडलेल्या माशांच्या पोटात गाबोळी भरलेली असते, कारण ते चढतातच मुळी अंडी घालायला. हे मासे बरेचसे कार्पच्याच कुळातले. उन्हाळाभर तापलेल्या पाण्यात थंड, ताजं पाणी मिसळलं, ही त्यांना मिळालेली सूचना असते.

आता सांगा, रविवारी सकाळी तुम्ही टँकमधलं जुनं पाणी काढता आणि ताजं, जरा थंड पाणी ओतता, तेव्हा त्या माशाच्या दृष्टीने काय घडतं? टँकमध्ये पहिला पाऊस पडतो. गोल्डफिशच्या मूळ मुलखात थंडी सरून पाणी ऊबदार व्हायला लागलं की वीण सुरू होते. घरातल्या टँकला ऋतू नसतात, त्यामुळे पाणी बदलल्यावर, तापमान हललं की, वयात आलेले मासे विणीला लागू शकतात. आणि गोल्डफिशची वीण म्हणजेच पाठलाग. नर मादीच्या मागे लागतो, तोंडाने तिच्या पोटाला, शेपटीजवळच्या बाजूला ढुशा देतो, तिला झुडपात, कोपऱ्यात रेटतो. ती अंडी सोडते, तो त्यावर आपलं बीज सोडतो. बहुतेक वेळा हा प्रकार पहाटे आणि सकाळी चालतो. बघणाऱ्याला वाटतं, मारतोय.

यातला आणखी एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. 1987 साली 'नेचर' या नियतकालिकात नॉर्मन स्टेसी, पीटर सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं गोल्डफिशवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. मादीची अंडी पक्व व्हायला आली की तिच्या शरीरातून एक संप्रेरक पाण्यात उतरतं. नराला त्याचा वास लागतो आणि त्याच्या शरीरात बीज तयार होण्याचं प्रमाण वाढतं. पुढे अंडी सुटी झाल्यावर ती वेगळी द्रव्यं सोडते, प्रोस्टाग्लँडिन जातीची, आणि त्यांच्या वासाने नर पाठलागाला लागतो. म्हणजे आपण काचेबाहेरून दोन मासे बघतो आणि मधलं पाणी आपल्याला मोकळं दिसतं. त्यांच्यासाठी त्या पाण्यात सगळा मजकूर लिहिलेला असतो. आपल्याला तो वाचता येत नाही, आणि आपण आपल्या गल्लीतल्या गोष्टी त्यांच्यावर लिहितो.

नर-मादी ओळखायचे कसे? विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांवरच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर बारीक पांढरे दाणे येतात. मादी वरून पाहिली तर पोटाशी फुगीर दिसते, कधी एका बाजूला जास्त. इथे दुसरा हेत्वाभास दबा धरून बसलेला असतो. पांढरे दाणे दिसले की लोक म्हणतात रोग झाला, आणि टँकमध्ये निळं-हिरवं औषध ओततात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असतो, नाही असं नाही. पण त्यात ठिपके मीठ भुरभुरवल्यासारखे अंगभर, शेपटीवर, सगळीकडे येतात. फक्त झाकणावर आणि परांच्या कडेला ओळीने आले असतील, तर तो वयात आलेला नर आहे. नुसता ठिपका पुरत नाही, ठिपका कुठे आहे तेही बघावं लागतं.

दुसरं कारण खाणं. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो दिवसभर काही ना काही चघळत हिंडणारा मासा आहे. एकाच जागी दाणे टाकले की धडपडा मासा दुसऱ्याला ढकलतो. त्यातून दुकानात जोडी घेताना आपण रंग बघतो, बांधा बघत नाही. सडपातळ, एका शेपटीचा कॉमेट वेगाने पोहतो. गोलमटोल ओरांडा किंवा बाहेर आलेल्या डोळ्यांचा काळा मूर हळू पोहतो, मूरला नीट दिसतही नाही. दोघांना एकत्र ठेवलं तर दाणे कोण खाणार हे ठरलेलंच. ही धावपळ दाणे टाकल्यावर होते आणि थोड्या वेळात थांबते, ही तिची खूण.

तिसरं कारण जागा. नवा मासा आणला की जुना त्याला काही दिवस हुंगत, ढोसत फिरतो. टँक लहान असेल तर हे लांबतं. गोल्डफिश दुकानात दोन बोटांएवढा असतो म्हणून आपण फसतो. गोलमटोल जातीही 15 ते 20 सेंटिमीटर होतात, सडपातळ त्याहून मोठे. दोन माशांना निदान 80 ते 100 लिटर पाणी हवं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. आपल्याकडे ते चार लिटरच्या गोल बरणीत असतात. इटलीत मॉन्झा शहराने 2004 साली आणि रोमने 2005 साली गोल बरणीत गोल्डफिश ठेवायला बंदी केली. "शोभेचा मासा दोन महिन्यांवर जगत नाही" असं आपण ऐकतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश 43 वर्षं जगल्याची नोंद आहे. दोन महिन्यांचं आयुष्य माशाचं नसतं, बरणीचं असतं.

चौथं कारण सर्वांत घातक, कारण ते पाठलागासारखं दिसतं आणि पाठलाग नसतोच. मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो. टँक काही आठवडे चाललेला असेल तर फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी विषारी नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. अमोनिया साचतो, कल्ले जळजळतात, मासा अचानक सुसाट पळतो, काचेला, दगडाला अंग घासतो. त्यात दुसरा जवळ असला की वाटतं, तो मागे लागलाय म्हणून हा पळतोय. आपल्या किनारपट्टीवर उन्हाळ्यात टँकचं पाणी 30 अंशांवर जातं. 20 अंशांच्या पाण्यात प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यातून पावसाळ्यात वीज जाते, पंप थांबतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वीज किती दिवस नव्हती ते तुम्हाला आठवतंय. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतात, एकमेकांना धडकतात. ते भांडत नसतात, गुदमरत असतात. आणखी एक आपल्याकडची गोष्ट: विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते. माणसासाठी ती हवीच. पण ते पाणी तसंच टँकमध्ये ओतलं तर क्लोरीनने कल्लेही भाजतात आणि फिल्टरमधले जिवाणूही मरतात.

म्हणजे दृश्य एकच आणि कारणं चार. आता त्या घरातल्या निर्णयाकडे या. "दादा" माशाला बरणीत काढायचं. कारण वीण असेल तर ती दोन-तीन दिवसांत आपोआप संपणार होती. कारण पाणी असेल, तर टँकमध्ये राहिलेला मासाही मरेल, आणि फिल्टर नसलेल्या बरणीत गेलेला कदाचित त्याच्याआधी. निकाल लागला, शिक्षा झाली, आणि खरा आरोपी, म्हणजे पाणी, सुटलं.

इथे टिनबर्गन पुन्हा कामाला येतात. लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर 1973 चं नोबेल मिळालेला हा माणूस. 1963 च्या एका निबंधात त्यांनी म्हटलं की प्राणी असं "का" वागतो, हा एक प्रश्न नाही, ते चार प्रश्न आहेत. आत्ता हे वागणं कशामुळे सुरू झालं? या प्राण्याच्या वाढीत ते कसं आलं? त्याचा उपयोग काय? आणि त्याच्या कुळात ते कुठून आलं? आपला मासा घ्या. कशामुळे, तर ताज्या पाण्यामुळे आणि वासामुळे. वाढीत कसं, तर तो वयात आला म्हणून. उपयोग काय, तर अंडी आणि बीज एकाच क्षणी पाण्यात पडावं म्हणून. कुळात कुठून, तर वलगणीच्या माशांच्या घराण्यातून. चारही उत्तरं खरी, आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. "तो दुष्ट आहे" हे यांपैकी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही.

बरं, मग कोणी म्हणेल, "सर, हे सगळं नैसर्गिक आहे ना? मग सोडून द्यावं." नाही. इथे मी तुम्हाला थांबवणार. ओढ्यात मादी दमली तर तिला गवत आहे, कपार आहे, पुढे पाणी आहे. काचेच्या पेटीत तिला कुठे जायचं? दोन-तीन नर आणि एक मादी असेल तर तिची खवलं निघतात, पर फाटतात, ती तळाशी बसून राहते, खात नाही, आणि कधी कधी मरते. पाठलाग निसर्गाचा आहे हे खरं, पण काच निसर्गाची नाही. ती आपण आणली. पळून जायची सोय आपण काढून घेतली आहे, तेव्हा ती परत देण्याची जबाबदारीही आपलीच. "तो दुष्ट आहे" म्हणणारा आणि "निसर्ग आहे" म्हणणारा, दोघेही एका बाबतीत सारखेच. दोघांनाही टँककडे बघावं लागत नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो.

आधी पाणी. दुकानात चाचणीचा संच मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर पाव भाग पाणी बदला, क्लोरीन काढलेल्या आणि तापमान जुळवलेल्या पाण्याने. दाणे कमी करा. सगळं पाणी एकदम बदलू नका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. पंप चालू आहे ना, ते बघा.

मग वही घ्या आणि तीन दिवस लिहा. पाठलाग केव्हा होतो, सकाळी, दाणे टाकल्यावर, की दिवसभर? त्याआधी काय घडलं होतं, पाणी बदललं, नवा मासा आला, की काहीच नाही? ढुशी कुठे बसते, पोटाजवळ आणि शेपटीकडे, की कुठेही? पांढरे दाणे कोणावर आहेत, आणि कुठे? आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्याचा पाठलाग होतोय तो खातोय का, त्याचे पर शाबूत आहेत का, मोकळ्या वेळात तो नीट पोहतोय का? घरात मुलं असतील तर हे काम त्यांनाच द्या.

उत्तर त्या वहीतूनच निघेल. खाण्यावरून असेल तर दाणे दोन टोकांना टाका, आणि पुढे बांधा जुळणारे मासे ठेवा. जागेचं असेल तर मोठा टँक हाच उपाय, दुसरा नाही. वीण असेल आणि मादी ठीक असेल तर पाणवनस्पतींची दाटी करा आणि दोन-तीन दिवस वाट बघा. मादी दमली असेल तर टँकमध्येच प्लास्टिकच्या जाळीचा पडदा घाला, म्हणजे पाणी तेच, फिल्टर तोच, फक्त तिला विसावा. वेगळं काढायचीच वेळ आली तर प्रशस्त टब घ्या, त्यात टँकचंच पाणी घाला आणि हवेची नळी सोडा. मादीला काढा, नराला शिक्षा म्हणून नव्हे. अंडी दिसली तर ती झाडांना चिकटलेली, टाचणीच्या डोक्याएवढी असतात. आईबापच ती खातात. वाढवायची असतील तर झाडासकट दुसऱ्या भांड्यात हलवा. चार ते सात दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती मळकट रंगाची असतात, सोनेरी रंग पुढे काही महिन्यांनी चढतो.

आणि एक विनंती. मासे जास्त झाले किंवा कंटाळा आला म्हणून त्यांना ओढ्यात, तळ्यात सोडू नका. सोडणाऱ्याला ती दया वाटते. पण हा बाहेरचा मासा तळ ढवळतो, दुसऱ्यांची अंडी खातो. आपल्या वलगणीच्या माशांचे ओढे आधीच आटत चाललेत, त्यांत ही भर नको. परत दुकानात द्या, किंवा ज्याच्याकडे मोठा टँक आहे त्याला द्या.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर: बरणीत काढू नका. तुम्ही "चार दिवसांपासून" असं लिहिलंय. वीण बहुधा इतकी लांबत नाही, म्हणून आज घरी गेल्यावर पहिल्यांदा पाणी तपासा आणि ज्याच्या मागे दुसरा लागलाय तो खातोय का ते बघा. मुलांना सांगा, "दादागिरी" हा शब्द वहीत लिहायचा नाही, फक्त जे दिसलं ते लिहायचं. तीन दिवसांनी वही वाचून त्यांना विचारा, आता काय वाटतं? त्यांचं उत्तर बदललं असेल तर मला कळवा. नसेल बदललं तरी कळवा, कारण मग ते पुराव्यानिशी आलेलं असेल.

पुढच्या वेळी आपण उपमान घेऊ.